देवाची करणी आणि टायरात हवा

मे महिना, दुपारचे साडेबारा, छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरचा एक पेट्रोल पंप. पुण्याहून नागपूरला लग्नाला निघालेली आमची गाडी हवेच्या मशीनपाशी उभी. पंपावरच्या पोरानं नळी लावली, आकडा बघितला आणि विचारलं, "काका, अडतीस दाखवतंय. किती ठेवू?" गाडीच्या दारावर कंपनीनं चिकटवलेला आकडा होता तेहतीस. मामा लगबगीनं खाली उतरले. "अडतीस? अरे काढ, काढ! तीसवर आण. पुढं समृद्धी महामार्ग आहे, सगळं सिमेंट. या उन्हात फुटेल ना टायर!" फुस्स करत चारही चाकांतून हवा गेली. मामांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नागपुरात मावसभावानं त्याचं हवा मोजायचं गेज सहज म्हणून लावून पाहिलं. साडेपंचवीस. पंक्चर नाही, काही नाही, तरी साडेपंचवीस. म्हणजे आदल्या दिवशी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, रणरणत्या उन्हात, ताशी एकशे दहा-एकशे वीसच्या वेगानं आम्ही चारशेहून अधिक किलोमीटर आलो ते असल्या बसक्या चाकांवर. मामांना सांगितलं, तर चहाचा कप खाली न ठेवता ते म्हणाले, "बघ, कमी ठेवली म्हणूनच सुखरूप पोहोचलो."

या लेखाचं भांडण त्या वाक्याशी आहे. मामांशी नाही. मामा एकटे असते तर लेख लिहायची गरजच नव्हती. "उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा" हा सल्ला दर एप्रिलमध्ये मोबाइलवरून फिरतो, पंपावर मिळतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळतो, आणि देणारा प्रत्येक जण तो काळजीनं देतो. काळजीनं दिलेला चुकीचा सल्ला खोडून काढणं अवघड असतं, कारण खोडणारा उद्धट ठरतो.

आधी मामांची बाजू त्यांच्याहून नीट मांडतो. हवा तापली की प्रसरण पावते. टायर बंद आहे, तिला जायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की टायर फुटतो. तेव्हा आधीच थोडी कमी भरून वाढीला जागा ठेवावी. ऐकायला बिनतोड. यातली पहिली दोन विधानं शंभर टक्के खरी आहेत. घसरगुंडी आहे ती तिसऱ्यात.

दाब वाढतो, पण किती? शाळेतल्या वायूच्या नियमानं हिशेब करता येतो. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय, म्हणजे पंपाच्या भाषेत तेहतीस पॉइंट, भरलेला टायर पळून पळून आतून ७० अंशांवर गेला, असं धरू. गेजवर ४० च्या आसपास आकडा येईल. सात पॉइंटची वाढ. आता टायरच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेला कमाल दाब वाचा: मोटारीच्या टायरवर तो बहुधा ४४ किंवा ५१ असतो, आणि तोही थंड टायरचा. चालताना तापून दाब वाढणार, हे टायर बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं आहे. धडधाकट टायर नुसत्या दाबानं फाडायचा तर आकडा शंभराच्या पुढे न्यावा लागतो. तो फुगा नाही. त्याच्या पोटात दोऱ्यांचे थर आहेत, नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे आहेत. या टायरला चाळीसची भीती घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग चोर कोण? एक जाडसर तार घ्या आणि एकाच जागी मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहा. थोड्या वेळानं ती जागा बोटाला चटका देईल आणि पुढे तुटेल. तारेत कुणी हवा भरली नव्हती. टायरचंही मरण असंच असतं. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, वर गेला की सुटतो. प्रत्येक दबण्यात रबर थोडी शक्ती गिळतं आणि ती उष्णता म्हणून आतच राहते. सर्वसाधारण मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी १२० च्या वेगाला असं चाक सेकंदाला सतरा फेरे मारतं. म्हणजे कडेचा प्रत्येक इंच तासाभरात साठ हजारांहून जास्त वेळा वाकतो आणि सरळ होतो.

दर वेळी तो किती वाकायचा, हे ठरवते हवा. गाडीचं वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. माणसं आणि सामान धरून एका चाकावर चारशे किलो आले, तर ३३ पीएसआयला त्या चाकाला जमिनीवर अंदाजे १७० चौरस सेंटिमीटर टेकू लागतो, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा. साडेपंचवीसला तोच टेकू सव्वादोनशेच्या घरात जातो. ही वाढीव जागा येते कुठून? टायर बसतो, कडा फुगतात, आणि प्रत्येक फेऱ्यात रबराला जास्त वाकावं लागतं. जास्त वाकलं की जास्त तापलं. तापलेलं रबर मऊ होतं, थरांना धरून ठेवणारी पकड सैल पडते, आणि एका क्षणी नक्षीचा पट्टा सोलून निघतो किंवा कडाच चिरते. आवाज मोठा येतो म्हणून आपण म्हणतो, "फुटला." खरं तर तो आतून शिजलेला असतो.

गंमत पुढे आहे. हवा कमी ठेवलेला टायर जास्त तापून समजा ९० अंशांवर गेला. सकाळी २७ भरलेली हवा तेव्हा किती होईल? साधारण ३६. म्हणजे भट्टीसारखा तापलेला असूनही त्यातला दाब शहाण्यासारखा ३३ भरलेल्या टायरपेक्षा कमीच! मामांच्या तर्कानं हा टायर सुरक्षित. प्रत्यक्षात दोघांपैकी धोक्यात आहे तो हाच. जो सिद्धांत धोक्यातल्या टायरला सुरक्षित आणि सुरक्षित टायरला धोक्यात ठरवतो, तो थोडा चुकीचा नाही, उलटा आहे.

आता पुन्हा त्या पंपावर या. दुपारी दिसलेले अडतीस म्हणजे खरे तर सकाळचे तेहतीसच होते, पळून तापलेले. गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेल्या गाडीचा. तापलेल्या टायरचा आकडा त्याच्याशी जुळवायला जाणं म्हणजे तापून वर आलेलं दूध उपसून, निवल्यावर भांडं भरलेलं नाही म्हणून तक्रार करणं. अडतीसचे तीस केले, ते रात्री निवले, सकाळी साडेपंचवीस झाले. जादू काही नाही. आणि जे चालकदादा प्रत्येक ढाब्यावर तापल्या टायरची हवा काढतात, त्यांचं चक्र असं: हवा काढली, टायर बसला, जास्त वाकला, जास्त तापला, दाब पुन्हा वाढला, पुढच्या ढाब्यावर पुन्हा हवा काढली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

"पण आम्ही सुखरूप पोहोचलो ना?" पोहोचलो. टायर दोन वर्षांचे होते, कडा शाबूत होत्या, नशीब बरं होतं. शिजलेला टायर त्याच प्रवासात फुटतो असंही नाही. थर आज सैल पडतात आणि पुढच्या कधीतरी, एखाद्या खड्ड्यावर, हिशेब पुरा होतो. तेव्हा कुणाला आजचा पंप आठवत नाही. सल्ला टिकतो तो यामुळेच: तो पाळून वाचलेला माणूस साक्षीला येतो, आणि तो पाळून फसलेल्याच्या टायरात किती हवा होती, हे मोजायला हवाच उरत नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण बघा. फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच, जड गाडीला कंपनीनं टायरचा दाब ठरवून दिला होता २६ पीएसआय. टायर फायरस्टोनचे. १९९० च्या दशकात या गाड्यांच्या टायरची नक्षी धावता धावता सोलून निघू लागली, गाड्या उलटू लागल्या. प्रकरणं जास्त झाली ती अ‍ॅरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. या अपघातांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या तिथल्या सरकारी नोंदीत २७० च्या पुढे गेली. मग दोन कंपन्यांत जुंपली. फोर्ड म्हणे टायर सदोष, फायरस्टोन म्हणे तुम्ही सांगितलेला दाबच कमी. टायरच्या घडणीतही दोष निघाला, त्यामुळे सगळं खापर हवेवर फोडणं बरोबर नाही. पण सदोष टायरलाही कमी हवा, जड ओझं, ऊन आणि लांबचा वेग एकत्र मिळाले की काय होतं, ते तिथं दिसलं.

आणि त्या गदारोळातून २००० सालाच्या अखेरीस कायदा झाला. त्याच्या आधारे २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या हवेवर नजर ठेवणारा इशारादिवा सक्तीचा झाला. हा दिवा कधी पेटायचा? हवा कमी झाली की. तापून जास्त झाली की पेटावा, अशी अट नियमात नाही. दोनशे सत्तर मृत्यूंनंतर एका देशानं शोधलेली भीती आणि आमच्या पंपावरची भीती एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. आमची साडेपंचवीस आणि त्यांची सव्वीस आठवून मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मग हा सल्ला आला कुठून? माझा अंदाज, सायकलवरून. लहानपणी शाळेच्या भिंतीला उन्हात लावलेली सायकल भर दुपारी फाट्‌ करून फुटल्याचं आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. पातळ टायर, आत ट्यूब, ट्यूबवर चार ठिगळं, आणि आदल्या संध्याकाळी पंप मारून मारून दगडासारखी केलेली हवा. उन्हानं ठिगळाचं सोल्युशन सुटायचं किंवा ट्यूब कडेतून बाहेर डोकावायची. तिथं हवा थोडी कमी ठेवणं शहाणपणाचंच होतं. पण ती सायकल उभी होती. तिच्यावर चारशे किलो नव्हते, ती तासाला साठ हजार वेळा वाकत नव्हती. सायकलचं शहाणपण आम्ही ट्यूबलेस रेडियल टायरला लावलं, आणि मधल्या काळात टायर बदलला हे आमच्या लक्षातच आलं नाही.

या सल्ल्याच्या आडोशाला आणखी चार समजुती बसलेल्या असतात. त्यांनाही एकेक करून उठवू.

पहिली, सिमेंटचा रस्ता टायर फोडतो. उन्हात काळं डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. दुपारी अनवाणी दोन्हींवर पाय ठेवून पाहिलेल्याला विचारा. सिमेंटच्या खरखरीत पोतानं टायर लवकर झिजतात, ही तक्रार मी मान्य करीन. पण समृद्धीवर टायरचा जीव काढतो तो सिमेंटपेक्षा सलग वेग. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, मोटारींना १२० ची परवानगी, ना सिग्नल, ना बाजार, ना गावातली म्हैस. जुन्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी कुणीतरी आडवं येऊन आपल्या टायरना निवायला उसंत देत होतं. ती उसंत गेली. त्यामुळे जुन्या रस्त्यावर खपून जाणारी पाच पॉइंटची तूट इथं खपत नाही.

दुसरी, नायट्रोजन भरलाय, आता बघायला नको. आपण श्वासात घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकतचा नायट्रोजन कोरडा असतो, जरा सावकाश झिरपतो, एवढे दोन गुण त्याचे आहेत. पण उष्णतेनं दाब वाढण्याचा नियम त्यालाही तोच. कमी भरला तर नायट्रोजनच्या टायरची कडाही तितकीच वाकते. चाकामागे दहा-वीस रुपये दिल्यानं मोजण्यातून सुटका होत नाही.

तिसरी, गाडीला सेन्सर आहे. चांगलं आहे, असू द्या. पण अमेरिकेच्या नियमानं हा दिवा ठरलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर पेटला तरी चालतो. तेहतीसचे पंचवीस टक्के वजा करा: पावणेपंचवीस. नागपुरात सकाळी आमची गाडी होती साडेपंचवीसवर. म्हणजे त्या हिशेबानं दिवा गप्प बसला असता. आपल्याकडेही २०२० पासून ट्यूबलेस टायर, असा सेन्सर आणि पंक्चर काढायचं सामान असलेल्या मोटारींना स्टेपनीशिवाय रस्त्यावर यायची मुभा आहे. अशा गाडीत तर मोजायचा आळस दुप्पट महाग.

चौथी, आम्हाला डोळ्यांनी कळतं. जुन्या ट्रकचालकाचा टायरवर टॉमी मारून आवाज ऐकण्याचा रिवाज मला मनापासून आवडतो. जोडचाकातलं आतलं चाक बसलं असेल तर तो ठणका लगेच सांगतो. पण रेडियल टायरची कड बरोबर हवेलाही थोडी फुगलेलीच दिसते. सहा-सात पॉइंट कमी असलेलं चाक डोळा पकडत नाही, कानही नाही आणि बुटाची लाथ तर नाहीच.

एवढं बोलल्यावर कुणी म्हणेल, मग काय, ठासून भरायची? अजिबात नाही. जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो, रस्त्याला कमी चिकटतो, खड्ड्याचा दणका न पचवता थेट रिमकडे पाठवतो. हिवाळ्यात पहाटेच्या १० अंशांना तेहतीस भरलेली हवा मे महिन्यातल्या ३० अंशांच्या सकाळी छत्तीस दाखवेल. ते तीन पॉइंट सकाळी, थंड टायरमधून जरूर काढा. पण तेहतीसवर आणा, तीसवर नाही. दारावरचा आकडा उन्हाळ्याचा वेगळा आणि पावसाळ्याचा वेगळा छापलेला नसतो. वेगळा छापलेला असतो तो ओझ्याचा: अनेक गाड्यांवर दोन माणसांचा एक आणि भरल्या गाडीचा एक, आणि भरल्या गाडीला मागच्या चाकांत हवा वाढवायला सांगितलेली असते. लग्नाला, शिर्डीला, गावी जाताना आपण भरल्या गाडीत हवा कमी करतो, तेव्हा कंपनीनं छापून दिलेल्या सूचनेच्या बरोबर उलट वागत असतो.

मात्र माझा खरा राग या चुकीच्या आकड्यावर नाही, त्यामागच्या सोयीवर आहे. टायर उन्हानं फुटतो, सिमेंटनं फुटतो, नशिबानं फुटतो, असं एकदा ठरवलं की गाडीवाल्याकडे काही काम उरत नाही. 'टायर फुटला' हे आपल्याकडे अपघाताचं कारण नसून अपघाताची फाइल बंद करायचा शिक्का आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही पहिलं सांगितलं गेलं ते टायर फुटल्याचं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही.

या सोयीला मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्येच चांगली चपराक दिली आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत कोसळली, एका कुटुंबाचा कर्ता माणूस गेला. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा विमा कंपनीनं युक्तिवाद केला की टायर फुटणं ही देवाची करणी आहे, आमच्याकडे पैसे कसले मागता? न्यायालयानं तो मानला नाही. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जादा हवा, वापरून झालेला टायर, तापमान अशी कारणं असतात, निघण्यापूर्वी टायर तपासणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे, आणि ते न करणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा त्या निकालाचा आशय. देवाची करणी नारळातल्या पाण्यापुरती ठीक. टायरातली हवा आपण भरतो.

आणि ती भरणं हे काही यज्ञकर्म नाही. काही शे रुपयांचं एक गेज विकत घ्या, कारण पंपावरचं मशीन दिवसभर नळीसकट आपटलं जातं. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही चाकं आणि असेल तर स्टेपनी मोजा. चांगला टायरही काही न होता महिन्याला पॉइंटभर हवा गमावतो. पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे. पोरगा "किती ठेवू?" विचारेल तेव्हा काकांच्या तोंडाकडे नाही, दारावरच्या चिठ्ठीकडे बघून उत्तर द्या.

लग्न आटोपून परत निघालो त्या सकाळी मी मावसभावाच्या गेजनं पुढे तेहतीस आणि मागे, भरल्या गाडीचे म्हणून, छत्तीस भरून घेतले. मामा शेजारी हात मागे बांधून उभे. दुपारी वाटेत थांबलो तेव्हा त्यांनीच गेज मागितलं, मागच्या चाकाला लावलं आणि काही न बोलता माझ्यापुढे धरलं. बेचाळीस. मी त्यांच्या हातातून गेज घेतलं आणि व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवली. मामांनी वाद घातला नाही. पण एसी चालू असताना त्यांनी आपल्या बाजूची काच चार बोटं खाली केली, आणि संभाजीनगरचा फाटा येईपर्यंत त्यांचा एक कान बाहेरच होता.